कार्बन फायबरचा ३०० मिमी परावर्तक: साकीनाक्याच्या गाळ्यातल्या प्रकल्प नोंदी

काम असं: ३०० मिमी व्यास आणि सुमारे २४०० मिमी वक्रता-त्रिज्या असलेला गोलीय परावर्तक, संपूर्ण कार्बन-इपॉक्सीचा. वजन ४०० ग्रॅमच्या आत आणि पृष्ठभागाची चूक ५ मायक्रॉन आरएमएसच्या (चुकांच्या वर्गांची सरासरी काढून घेतलेलं वर्गमूळ) आत. याच व्यासाचा २५ मिमी जाड काचेचा आरसा ४.४ किलो भरतो.

५ मायक्रॉन हा आकडा दूर-अवरक्त प्रकाशासाठी धरला आहे. एवढ्या चुकीच्या पृष्ठभागावरून २०० मायक्रॉन तरंगलांबीची सुमारे ९१ टक्के ऊर्जा नाभीवर पोचते, १०० मायक्रॉनची ६७ टक्के. दृश्य प्रकाशाचा आरसा करायचा असेल तर या नोंदी पुरणार नाहीत. दूर-अवरक्ताचं काम मात्र आपल्याकडे जुनं आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्था) १०० सेंटिमीटरची दूर-अवरक्त दुर्बीण हैदराबादहून फुग्याने वर जाते. १४ मे २००९ ला सुटलेल्या युरोपच्या प्लांक या अंतराळ दुर्बिणीचे दोन्ही परावर्तक कार्बन फायबरचेच होते. हबलचा २.४ मीटरचा काचेचा आरसा ८२८ किलोचा आहे, म्हणजे चौरस मीटरला १८० किलोच्या वर. आमचं उद्दिष्ट चौरस मीटरला ६ किलोच्या आत होतं.

आमचं रेझिन आणि हाताने भिजवलेलं कापड अंतराळात पाठवण्याच्या दर्जाचं नाही. तिथे सायनेट एस्टर रेझिनचे तयार प्रीप्रेग (रेझिन आधीच मुरवलेली कापडं) वापरतात, कारण ते ओलावा कमी पितात आणि निर्वातात कमी वाफा सोडतात. साचा, थरांची मांडणी, फासळ्या आणि मोजमाप यांतल्या अडचणी मात्र त्याच आहेत.

८ फेब्रुवारी: साचा

परावर्तक अंतर्वक्र हवा, म्हणून साचा बहिर्वक्र. ३५० मिमी व्यासाच्या, २५ मिमी जाड साध्या फ्लोट काचेच्या दोन चकत्या वॉटरजेटवर कापून घेतल्या. एकीवर दुसरी ठेवून ८० नंबरच्या सिलिकॉन कार्बाइडने घासलं की वरची अंतर्वक्र होते, खालची बहिर्वक्र. आरसा घासणारे खालची चकती ‘टूल’ म्हणून बाजूला ठेवतात. इथे तीच कामाची. वरची फेकू नये, तपासणी तिच्यावरच होते.

साचा परावर्तकापेक्षा मोठा ठेवला, कारण कडेचे २०-२५ मिमी कधीच नीट येत नाहीत. ठरवलेला खोलगटपणा ३५० मिमीवर ६.४ मिमी.

३० मार्च: पॉलिश, आणि वाया गेलेले दोन आठवडे

अंतर्वक्र काच वक्रता-केंद्रावरून तपासता येते, बहिर्वक्र येत नाही. म्हणून दोन्ही काचा पॉलिश केल्या, अंतर्वक्र फूको चाचणीने (पात्याने प्रकाश अडवून आकार तपासायची रीत) गोलीय करून घेतली आणि तिच्यात बहिर्वक्र बसवून सोडियमच्या दिव्याखाली पट्ट्या पाहिल्या. एक पट्टी म्हणजे ०.२९ मायक्रॉन.

पिच (पॉलिश करायच्या पाटावरचं डांबरासारखं द्रव्य) मुंबईच्या मार्चमध्ये फार मऊ पडतं. गाळ्यात ३३ अंश असताना बाजारातलं मध्यम पिच दोन तासांत पसरलं आणि खाचा बुजल्या. वितळवून राळ घालत गेलो. अंगठ्याचं नख जोर दिल्यावर पाच-सहा सेकंदांनी जेमतेम उमटेल इतकं कडक झालं तेव्हा काम पुढे गेलं. पॉलिशला सेरियम ऑक्साइड.

साचा तीन पट्ट्यांपर्यंत आला होता तेव्हाच थांबायला हवं होतं. ०.९ मायक्रॉनची चूक आमच्या ५ मायक्रॉनपुढे किरकोळ आहे. तो एका पट्टीवर आणण्यात दोन आठवडे घातले आणि त्याचा पुढे काहीही उपयोग झाला नाही. पॉलिश मात्र पूर्ण हवीच. राखाडी राहिलेल्या काचेत इपॉक्सी रुतून बसतं.

अंतर्वक्र काचेची त्रिज्या २४१२ मिमी. साच्याची तीच धरली.

११ एप्रिल: पहिलं कवच

३के ट्विल (३००० तंतूंच्या धाग्यांचं, तिरप्या विणीचं) कार्बन कापड, २०० ग्रॅम प्रति चौरस मीटर, आठ थर. रेझिन एलवाय ५५६, हार्डनर एचवाय ९५१, वजनाने १००:१०. साच्यावर मेणाचे पाच हात, प्रत्येक हातात अर्ध्या तासाचं अंतर. थरांवर पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), भोकांची फिल्म, ब्रीदर (जादा रेझिन शोषणारा जाड थर), वरून हवा ओढून घ्यायची बॅग. बॅगेला कडेने चार ‘कान’ ठेवले, नाहीतर उंचवट्यावर फिल्म ताणली जाते आणि कोपऱ्यात पूल बांधते.

या जोडीला मुंबईच्या उन्हाळ्यात जेमतेम २५ मिनिटं मिळतात. ३०० ग्रॅमचा घाणा एकाच भांड्यात केला आणि सहाव्या थरापर्यंत भांडं हाताला चटका द्यायला लागलं. शेवटचे दोन थर नीट भिजलेच नाहीत. पुढे कायम १०० ग्रॅमचेच घाणे, पसरट ट्रेमध्ये. उंच भांड्यात उष्णता अडकते आणि रेझिन आणखी तापतं.

१२ एप्रिल: साच्याचा टवका

कवच सुटताना साच्याच्या कडेचा सुमारे ४० मिमी लांब, ३ मिमी खोल टवका घेऊन आलं. तीन चतुर्थांश घेर सहज सुटला होता, चिकटून राहिला तो एकच भाग. कारण दिसायला वेळ लागला नाही. कडेची तिरपी घासलेली पट्टी पॉलिश केलेली नव्हती आणि तिच्यावर मेण लावलं नव्हतं. रेझिन तिच्यावरून ओघळलं, काचेच्या खरबरीतपणात रुतलं, आणि आकसताना काचच उपटली. इपॉक्सीची पकड काचेच्या स्वतःच्या ताकदीपेक्षा जास्त असते.

उपाय: कडेला सगळीकडे पॉलिएस्टर टेप, ती बाहेरून खाली वळवलेली. रेझिनचा थेंब काचेच्या कडेला पोचताच कामा नये. टवका बाहेरच्या २० मिमीत होता, त्यामुळे साचा वाचला. आधी ३३० मिमीचा परावर्तक ठरला होता, तो इथे ३०० चा झाला.

सुटताना जोर लावू नये हेही इथेच ठरलं. काच अंशाला दशलक्षात ९ भाग आकसते, आमचं कार्बन सुमारे २ ते ३. म्हणजे गार केलं की काच आतून आकसून आपणच सुटते. पुढची सगळी कवचं साच्यासकट फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन तास ठेवून, मग प्लास्टिकच्या पाचरीने सोडवली. गरम काच एकदम फ्रिजमध्ये टाकायची नाही, आधी ती खोलीच्या तापमानाला आलेली असावी.

कवच पाहिलं तर ट्विलची वीण पृष्ठभागावर उमटलेली. टाचणीच्या टोकाएवढ्या बिंदूचं प्रतिबिंब घेतलं की मध्ये ठिपका आणि भोवती फुलीत मांडलेले फिके ठिपके, जाळीतून दिवा पाहिल्यासारखे. विणीच्या खळग्यात रेझिन जास्त असतं आणि ते आकसून खाली बसतं, धाग्याच्या डोक्यावर कमी असतं. ट्विल बंद केलं. यापुढे एकदिश कापड, म्हणजे सगळे धागे एकाच दिशेचे.

२० एप्रिल: मोजायचं कसं

इंटरफेरोमीटर (प्रकाशलहरींनी पृष्ठभाग मोजणारं महाग यंत्र) लागत नाही. मुलामा नसलेलं काळं इपॉक्सी सुमारे ४ टक्के प्रकाश परत पाठवतं आणि एलईडीपुढच्या ०.३ मिमी छिद्राला तेवढा पुरतो. कवच उभं टांगायचं, २.४ मीटरवर स्टीलची रेल, रेलवर एका गाडीत छिद्र आणि शेजारी पडदा. पृष्ठभाग दोन दिशांत वेगवेगळा वळलेला असेल तर प्रतिबिंब एका जागी आडवी रेघ होतं आणि दुसऱ्या जागी उभी. दोन जागांमधलं अंतर मोजायचं. ३०० मिमी व्यास आणि २४०० त्रिज्येला १ मिमी अंतर म्हणजे कडेला १.९५ मायक्रॉनची तफावत. तिला ४.९ ने भागलं की आरएमएस.

छिद्र आणि पडदा एकाच गाडीवर हवेत. आम्ही आधी छिद्र जागेवर ठेवून फक्त पडदा सरकवला, तेव्हा वाचन दुप्पट येतं हे लक्षात आलं नव्हतं. पहिल्या कवचाचे सगळे आकडे त्यामुळे खोडावे लागले.

दुसरी खबरदारी: कवच ९० अंश फिरवून पुन्हा मोजा. रेघेची दिशा कवचाबरोबर फिरली तर दोष कवचात आहे, जागेवरच राहिली तर टांगण्यात. दीड-दोन मिमीचं कवच दोन क्लिपांत धरलं तर क्लिपाच आकार ठरवतात. आम्ही रुंद रेशमी फितीच्या झोळीत ठेवलं. मोजमाप रात्री अकरानंतर, रस्त्यावरचे ट्रक कमी झाल्यावर.

२ मे: दुसरं कवच

एकदिश कार्बन, २०० ग्रॅम, आठ थर: ०, ४५, ९०, उणे ४५ आणि मग उलट क्रमाने परत. हार्डनर पॉलिइथरअमाइन जातीचा हळू चालणारा घेतला, दीड तास मिळतो. २४ तास बॅगेत, मग ओव्हनमध्ये ८० अंशांवर ६ तास, साच्यावरच. तापमान तासाला ८ अंशांनीच चढवलं, २५ मिमी फ्लोट काच याहून घाईत तडकू शकते.

ओव्हन म्हणजे ग्लासवुल भरलेली दुहेरी पत्र्याची पेटी, १०० वॅटचे चार बल्ब, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला पीआयडी (तापमान-नियंत्रक) आणि आतली हवा फिरवायला छोटा पंखा. पंख्याशिवाय वरखाली १४ अंशांचा फरक पडत होता.

वाचन: रेघांमध्ये ३१ मिमी. म्हणजे कडेला ६० मायक्रॉन, १२ आरएमएस. वळण नुसतं पन्हाळीसारखं नव्हतं, पीळही होता.

५ मे: ३१ मिमी कुठून आले

कडेची कापलेली पट्टी घासून भिंगाखाली थर मोजले. दोन चुका सापडल्या.

पहिली: एक थर पालथा पडला होता. ४५ अंशात कापलेला तुकडा उलटा ठेवला की तो उणे ४५ होतो, आणि काळ्या कापडाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. आमच्या मांडणीत तीन थर उणे ४५ आणि एकच ४५ असं झालं. पिळाचं कारण हेच.

दुसरी: कोन डोळ्याने, कापडाच्या काठावरून धरले होते. काठ आणि धागा समांतर असतोच असं नाही. काही थर ३ अंशांनी चुकले होते. आरशाच्या कामात १ अंशही दिसतो.

उपाय: ६ मिमी ॲक्रिलिकचा ३६० मिमी चौरस साचेकट, त्यावर चारही दिशांच्या रेघा कोरलेल्या. रेघ काठाशी नाही, धाग्याशी जुळवायची. कापल्याबरोबर कोपऱ्यात, कापून जाणाऱ्या भागात, पांढऱ्या पेन्सिलीने थराचा क्रमांक आणि बाण. बाण दिसला तरच थर सुलटा. दुसऱ्याने यादी वाचायची, पहिल्याने थर टाकायचा. एकट्याने हे काम करू नये असं आमचं ठाम मत आहे.

१८ मे: तिसरं कवच

रेघांमध्ये ६ मिमी. कडेला ११.७ मायक्रॉन, २.४ आरएमएस. कामाचं.

वक्रता-त्रिज्या मात्र २३९१, साच्याच्या २४१२ पेक्षा २१ मिमी कमी. साच्याकडच्या बाजूला रेझिन जास्त राहतं, वरचं ब्रीदरमध्ये शोषलं जातं. जास्त रेझिनची बाजू जास्त आकसते आणि कवच आणखी खोल होतं. सगळीकडून सारखंच झालेलं असल्याने नाभी थोडी पुढे येते एवढंच. याच्यामागे लागलो नाही.

जाडी १.८ मिमी, कापल्यावर वजन १८६ ग्रॅम.

२६ मे: हनिकोंबचा प्रयोग सोडला

पाठीला २० मिमी ॲल्युमिनियम हनिकोंब (षटकोनी पोकळ्यांची जाळी) लावून वर कार्बनची दुसरी कातडी, हा सरळ मार्ग वाटला होता. ३०० मिमी सपाट नमुन्यावर केला, तीन कारणांनी सोडला. व्हॅक्यूमखाली ओली कातडी प्रत्येक षटकोनात खाली बसली आणि ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबात मधमाश्यांचं पोळं दिसू लागलं. दुसरं, ॲल्युमिनियम अंशाला दशलक्षात २३ भाग वाढतं, कार्बनच्या आठ-दहा पट. तिसरं कारण मुंबईचं आहे. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि खारट दमट हवा मिळाली की ॲल्युमिनियम गंजतं. यानांमध्ये हनिकोंबला हवा बाहेर जायला बारीक भोकंही ठेवावी लागतात, नाहीतर निर्वातात आतली हवा कातडी उचलते.

म्हणून फासळ्या, त्याही कार्बनच्याच. चार थरांचं सपाट पत्र, ०/९०/९०/०, ०.९ मिमी. कवचाची मांडणी वेगळी असली तरी पत्राच्या प्रतलात उष्णतेने होणारी वाढ दोन्हींची सारखीच राहते, त्यामुळे चारच थर चालले. २५ मिमी उंच पट्ट्या, ६० मिमी चौकट, अर्ध्या उंचीच्या खाचा करून एकमेकींत बसवलेल्या.

पहिल्या पट्ट्या कोरड्या कापल्या. कार्बनची धूळ वीज वाहून नेते. ती ओव्हनच्या पीआयडीत गेली आणि तो जळाला: १,४०० रुपये आणि चार दिवस. तेव्हापासून टाइल कापायच्या हिऱ्याच्या चकतीवर, पाणी सोडून, एन९५ मास्क लावून, ओव्हनपासून दूर.

८ जून ते ४ जुलै: पाऊस

तिसरं कवच फासळ्यांची वाट पाहत कपाटात होतं. पाऊस लागल्यावर सहज मोजलं तर त्रिज्या २३९५. आठवड्याने २३९८. रेघांचं अंतर ६ वरून ९ मिमी. काहीही न करता.

याच कवचाबरोबर केलेले १०० मिमी चौरस तुकडे होते. झवेरी बाजारातून सोनारांचा १ मिलिग्रॅमचा काटा आणला होता, त्यावर कोरड्या तुकड्याचं वजन २७.१० ग्रॅम. गाळ्यातल्या ८५ ते ९० टक्के आर्द्रतेत २१ दिवसांनी २७.१९. म्हणजे ०.३३ टक्के पाणी. पाणी कार्बन पीत नाही, रेझिन पितं. रेझिन जास्त असलेली पुढची बाजू जास्त फुगते आणि कवच उथळ होतं. रेझिन आकसताना त्रिज्या घटली होती, फुगताना ती वाढली.

मग कवच आणि तुकडा दोन्ही ५० अंशांवर, सिलिका जेलसह बंद पेटीत १२ दिवस ठेवले. तुकडा २७.११ वर आला, कवच २३९२ वर, रेघा ६.५ मिमीवर. आकार परतला.

या प्रकल्पात यापेक्षा महत्त्वाची नोंद नाही. जो परावर्तक वर जाणार आहे तो तिथे पूर्ण कोरडा होणार. जमिनीवर दमट अवस्थेत घेतलेलं माप त्याचं खरं माप नसतं. या तारखेनंतरची सगळी मापं कोरड्या अवस्थेतलीच आहेत: आधी सोबतचा तुकडा तोलायचा, तो सलग तीन दिवस २ मिलिग्रॅमच्या आत स्थिर राहिला तरच कवच रेलसमोर. पेटीतून काढल्यापासून २० मिनिटांत मोजून परत पेटीत. सिलिका जेल निळं असेपर्यंतच चालतं, गुलाबी झालं की १२० अंशांवर तीन तास.

१३ जुलै: फासळ्या सुटल्या

फासळ्यांची चौकट तिसऱ्या कवचावर चिकटवली, दुसऱ्या दिवशी हलक्या हाताने उचलली तर अख्खी चौकट हातात आली. गोंद फासळ्यांना घट्ट, कवचाच्या बाजूने गुळगुळीत सुटलेला.

गोंदात उरलेलं एचवाय ९५१ वापरलं होतं आणि चिकटवायच्या दोन दिवस आधी त्याच गोंदाचा एक हात कवचाच्या पाठीला दिला होता. दमट हवेत हा हार्डनर पृष्ठभागावर येतो आणि ओलावा व कार्बन डायऑक्साइडशी मिळून तुपकट पांढुरका थर धरतो. आम्ही तो सॅंडपेपरने घासला. घासल्याने तो जात नाही, पसरतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून क्रम असा हवा: कोमट पाणी आणि भांड्यांचा स्क्रबर, पुसून कोरडं, मग १२० नंबर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पेटीत एक दिवस. त्याहून चांगलं म्हणजे पील प्लाय चिकटवायच्या क्षणापर्यंत काढायचाच नाही. पावसाळ्यात एचवाय ९५१ पूर्ण बंद केलं.

व्हॅक्यूम पंपाचं तेलही याच आठवड्यात दुधासारखं पांढरं झालं, त्यात पाणी उतरलं होतं. गॅस बॅलास्ट (पंपातली वाफ बाहेर टाकणारी झडप) उघडून तासभर चालवल्यावरही साफ झालं नाही, बदललं. बॅगेची चाचणी: झडप बंद करून १० मिनिटांत २० मिलिबारपेक्षा जास्त उतरता कामा नये. गळती बहुतेक वेळा ‘काना’च्या मुळाशी सापडते.

१० ऑगस्ट: गादीसारखा पृष्ठभाग

फासळ्या आता घट्ट. पण प्रतिबिंब बिघडलं. छिद्रापुढे बारीक रेघांची जाळी धरून पाहिलं तर प्रत्येक फासळीच्या रेषेवर पट्टी वळते, शिवलेल्या गादीवर टाके दिसतात तशी. फासळीच्या दोन्ही अंगांना गोंदाची सलग गोलाई ओढली होती. गोंद आकसला आणि त्याने कवच मागे खेचलं. अधिक गोंद म्हणजे अधिक मजबुती हा समज इथे महाग पडला.

फासळ्या कापून काढल्या, त्यात कवचाचा एक थर उचकटला. तिसरं कवच संपलं. दोन महिन्यांचं काम.

६ सप्टेंबर: चौथं कवच, क्रम बदलला

थरांची मांडणी तीच. कापड बॅगेत घालण्याआधी ६० अंशांवर दोन तास सुकवलं. रेघा ५ मिमी, त्रिज्या २३९३.

फासळ्यांना सलग गोंद नाही. दर २० मिमीवर ४ मिमीचा ठिपका, गोंदात ओघळणार नाही इतका घट्ट होईल एवढी फ्यूम्ड सिलिका (हलकी बारीक पूड). फासळी आणि कवच यांत ०.२ मिमी फट राखली. गोंद खोलीच्या तापमानाला तीन दिवस, मग ५० अंशांवर एक दिवस. सगळा गोंद १९ ग्रॅम. टाके अजून दिसतात, पण पुष्कळ फिके. रेघा ७ मिमी झाल्या.

उरलेलं साच्याकडूनच दुरुस्त करायचं ठरवलं.

२८ सप्टेंबर: शेवटचा रेझिनचा थर

पुढची बाजू ४०० नंबरच्या ओल्या पेपरने मंद केली, धुतली, पेटीत आठ दिवस सुकवली. तुकडा स्थिर झाल्यावरच पुढे. साच्यावर ताजं मेण, कडेला टेप, कडेच्या बाहेर तीन ठिकाणी ०.१५ मिमीचे फीलर (फट राखणाऱ्या पातळ पट्ट्या). २५ ग्रॅम रेझिन व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढून साच्याच्या माथ्यावर एकाच जागी ओतलं. कवच वरून, मध्य आधी टेकेल असं, मिनिटभर घेत खाली सोडलं. रेझिन आतून बाहेर सरकतं आणि हवा पुढे ढकलत नेतं. दोन ठिकाणी ओतलं तर दोन लाटा मिळतात तिथे बुडबुड्यांची रेघ राहते. सपाट नमुन्यावर तसं झालं होतं.

कवच साच्यापेक्षा थोडं खोल, त्यामुळे थर कडेला ०.१५ आणि मध्ये ०.१९ मिमीच्या आसपास. वर वजन ठेवायचं नाही. वजनाने कवच वाकतं आणि सुटल्यावर परत उसळतं, मग साच्याचा आकार घेतल्याचा उपयोग उरत नाही. २८ अंशांवर चार दिवस, ५० वर एक दिवस.

फ्रिजमधून सुटलं. रेघा २ मिमी: कडेला ३.९ मायक्रॉन, ०.८ आरएमएस. त्रिज्या २४०५. टाके गेले, धाग्यांच्या खुणा गेल्या. कडेपासून ३० मिमीवर ज्वारीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा राहिला, तो तसाच ठेवला.

१९ ऑक्टोबर: मुलामा

ॲल्युमिनियमचा मुलामा बाहेरून पैसे देऊन करून घेतला. दृश्य प्रकाशाला १०० नॅनोमीटर पुरतो. १०० मायक्रॉन तरंगलांबीला प्रकाश ॲल्युमिनियममध्ये सुमारे ४७ नॅनोमीटर खोल शिरतो, ३०० मायक्रॉनला ८२. म्हणून ३०० नॅनोमीटर सांगितला.

आधी दोन तुकडे पाठवले. पहिल्यावरचा मुलामा सेलोटेपबरोबर निघून आला: साच्यावरचं मेण परावर्तकावर उतरतं आणि आम्ही फक्त अल्कोहोलने पुसलं होतं. दुसरा तुकडा साबणाच्या पाण्याने तीनदा, मग डिस्टिल्ड पाणी, मग अल्कोहोल असा धुतला आणि चेंबरमध्ये आधी ग्लो डिस्चार्ज (विरळ वायूतल्या विजेने पृष्ठभाग साफ करणं) मागितला. टेपला काही आलं नाही. परावर्तकाला हाच क्रम.

एक चूक: परावर्तक आदल्या रात्री पेटीबाहेर राहिला. ओलाव्यामुळे चेंबरला निर्वात गाठायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला आणि जादा वेळाचे पैसे द्यावे लागले. नेतानाही सिलिका जेलसह सीलबंद पिशवीतच न्या.

३ नोव्हेंबर: हिशेब आणि मापं

वजन: कवच १८६, फासळ्या ८२, गोंद १९, शेवटचं रेझिन १३, टेकूच्या तीन चकत्या १५. एकूण ३१५ ग्रॅम, चौरस मीटरला ४.५ किलो. चकत्या काचफायबरच्या, मध्यापासून १०० मिमीवर. धातूचा स्क्रू थेट कार्बनला कुठेही टेकत नाही.

खर्च: काचा ४,८००, सिलिकॉन कार्बाइड, पिच, सेरियम ६,५००, एकदिश कार्बन ७ चौरस मीटर ११,५५०, ट्विल १,९००, रेझिन-हार्डनर ३,६००, बॅग, टेप, पील प्लाय ५,२००, पंप ९,५००, ओव्हन, जळालेल्या पीआयडीसह, ६,८००, काटा ३,४००, मुलामा ५,०००. एकूण ५८,२५० रुपये. पुन्हा करायचं असेल तर काटा पहिल्या दिवशी घ्या. आम्ही तो मेअखेरीस घेतला, त्यामुळे पहिल्या दोन कवचांचे ओलाव्याचे आकडेच नाहीत.

मुलाम्यानंतर, कोरड्या अवस्थेत: त्रिज्या २४०५, रेघा २.५ मिमी, १ मायक्रॉन आरएमएस. मुलामा पुढच्या बाजूने ओलावा अडवतो आणि पाठ उघडी आहे, म्हणून पावसाळ्यात हा आता उलट दिशेने, मागून फुगेल असा अंदाज आहे. तसं झालं तर त्रिज्या वाढण्याऐवजी घटेल. सोबतचे दोन तुकडेही एका बाजूने मुलामा देऊन ठेवले आहेत, एक पेटीत आणि एक गाळ्यातल्या उघड्या फळीवर. वजन दर सोमवारी, त्रिज्या दर महिन्याच्या १ तारखेला.